बडोद्यात राहून स्टोरीबोर्डचं काम कसं उभं करावं

रात्री साडेदहाला फोन येतो. "मॅडम, परवा पीपीएम आहे. तीस सेकंदांची फिल्म आहे, स्क्रिप्ट आत्ता पाठवतो. उद्या संध्याकाळपर्यंत फ्रेम्स मिळतील का?" पलीकडे बहुतेक वेळा डायरेक्टरचा असिस्टंट असतो, दिवसभर धावून थकलेला. पीपीएम म्हणजे शूटिंगच्या आधीची शेवटची मोठी बैठक. त्यात क्लायंट आणि जाहिरात एजन्सीसमोर फिल्म कशी दिसणार हे शॉटमागून शॉट चित्रांत मांडावं लागतं. त्या चित्रांच्या मालिकेला स्टोरीबोर्ड म्हणतात आणि एकेका चित्राला फ्रेम. त्या फोनवर पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय विचारता, यावर पुढचे दोन दिवस कसे जाणार हे ठरतं.

मी विचारते: बोर्ड कोण बघणार, क्लायंट की कॅमेरामन? फ्रेम आडवी १६:९ आहे की मोबाइलसाठी उभी ९:१६? किती फ्रेम्स, रंगीत की काळ्यापांढऱ्या? डायरेक्टरशी पंधरा मिनिटं बोलता येईल का? आणि बिल कोणाच्या नावाने करायचं? शेवटचा प्रश्न विचारायला मला पहिली तीन वर्षं संकोच वाटायचा. आता तो सगळ्यात शांतपणे विचारते.

मी चौदा वर्षं हे काम करते आहे, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसून. बाबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे, गुजराती आणि मराठी दोन्ही अक्षरांत. त्यांचा ब्रश धुण्याचा पत्र्याचा डबा आता माझ्या टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे. मी फाइन आर्ट्सला पेंटिंग केलं. तिथली मुलंमुली अधूनमधून घरी येतात आणि विचारतात, "ताई, मुंबईला न जाता हे जमेल का?" जमतं. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहून काढते आहे.

आधी कामाचे प्रकार ओळखा, कारण तिन्हींना एकच नाव आहे आणि दर मात्र वेगळे. एजन्सीचा बोर्ड क्लायंटला फिल्म विकण्यासाठी असतो: आठ ते पंधरा फ्रेम्स, रंगीत, चेहऱ्यावरचे भाव गोड, प्रॉडक्ट स्पष्ट. शूटिंग बोर्ड सेटवरच्या माणसांसाठी असतो. तिथे रंग नसला तरी चालतो, पण लेन्सचा अंदाज, कॅमेरा ट्रॉलीवर आहे की हातात, पात्र कुठून आत येतं, हे सगळं बाणांसकट लागतं. तिसरा ॲनिमेशनचा बोर्ड. त्यात अभिनय तुम्हालाच करायचा असतो, कारण समोर नट नसतो. एका भागाला शेकडो पॅनल्स होतात आणि एकच काम महिना-दीड महिना चालतं. मी बहुतेक पहिल्या दोन प्रकारांत काम केलं आहे. ॲनिमेशनमध्ये उत्पन्न जास्त स्थिर असतं, पण दुसऱ्याच्या पात्रांचं मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं दिसतं ते ठरवून दिलेला तक्ता, तंतोतंत पाळावं लागतं. ज्यांचा हात मोकळा आहे त्यांना तिथे घुसमट होते. स्वतःचा स्वभाव बघून ठरवा.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा सफाईदार असतं. चेहरे सुंदर, कपड्यांच्या चुण्या सुंदर. पण चित्र बघून कॅमेरा कुठे ठेवला आहे हे सांगता येत नाही. स्टोरीबोर्डमध्ये तेच सांगायचं असतं: कॅमेरा किती उंचीवर, किती लांब, कोणाच्या बाजूने. क्षितिजरेषा डोळ्यांच्या पातळीवर आहे की कमरेच्या, हे ज्या चित्रात कळतं ते ओबडधोबड असलं तरी सेटवर उपयोगी पडतं.

हे शिकायला मी सांगते तो सराव असा. सकाळी साडेआठच्या सुमारास खंडेराव मार्केटला जा. भाजीवाल्यासमोर उभं राहा आणि एकच व्यवहार निवडा. बाई मेथीची जुडी उचलते, नाकाजवळ नेते, परत ठेवते, दुसरी उचलते, भाव विचारते, निघाल्यासारखं करते, तो हाक मारतो, ती वळते. हे सहा चौकटींत काढायचं, एका चौकटीला एक मिनिट, माणसं काड्यांची असली तरी चालतील. घरी येऊन तीच घटना पुन्हा सहा चौकटींत काढा, पण आता भाजीवाल्याच्या बाजूने. मग तिसऱ्यांदा, बाईचा हात धरून उभ्या असलेल्या लहान मुलीच्या उंचीवरून. तिसऱ्या वेळी जुड्या डोंगराएवढ्या दिसतात आणि आईचा चेहरा फ्रेमच्या वर कुठेतरी जातो. गोष्ट तीच, पण कोणाची गोष्ट आहे हे बदललं. रोज एक, असं तीन महिने करा. मी केलं होतं. त्या वह्या अजून आहेत आणि अडलं की आजही उघडते.

आपल्या गावात या कामाचे गुरू भिंतींवर आहेत. तांबेकर वाड्यात १९व्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, महाभारतातले आणि कृष्णाच्या गोष्टींतले प्रसंग. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाताना डोळा कसा सरकतो ते बघा. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा. युद्धाच्या भिंतीवर एवढी गर्दी असूनही नजर कुठे थांबायला हवी हे त्यांनी ठरवून ठेवलं आहे. गरब्याचं मैदान किंवा लग्नाचा मांडव एका फ्रेममध्ये बसवायची वेळ येते तेव्हा मला तीच भिंत आठवते. दादासाहेब फाळकेही इथल्या कलाभवनात शिकले होते. आणि सत्यजित राय आधी जाहिरात कंपनीत चित्रकार होते. पहिल्या सिनेमाच्या वेळी त्यांच्याकडे पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती, टिपणं होती आणि रेखाटनांची वही होती. आपलं काम दुय्यम आहे असं कोणी म्हणालं तर हे ध्यानात असू द्या.

एक नियम मात्र चुकवायला परवानगी नाही. दोन माणसं समोरासमोर चहाच्या लारीवर उभी आहेत असं धरा. दोघांना जोडणारी एक रेषा ओढा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडे गेला की डावीकडे बघणारा माणूस अचानक उजवीकडे बघू लागतो आणि प्रेक्षकाला वाटतं की तो तिसऱ्याच कोणाशी बोलतोय. दुसऱ्या वर्षी माझ्याकडून हे झालं. दोन भावांचं संभाषण होतं. सहाव्या फ्रेमपर्यंत मी रेषेच्या अलीकडे होते, सातव्या फ्रेममध्ये चित्र छान जुळतंय म्हणून पलीकडे गेले. कॅमेरामनने बोर्ड बघून लाइट लावले होते. शॉट घेताना चूक कळली, आणि सगळे लाइट दुसऱ्या बाजूला हलवण्यात पाऊण तास गेला. चाळीस माणसं उभी होती. मला कोणी रागावलं नाही, पण त्या डायरेक्टरचा पुढे दीड वर्ष फोन आला नाही.

तेव्हापासून प्रत्येक सीनच्या पानावर कोपऱ्यात मी वरून दिसणारा नकाशा काढते. खोली, दार, खिडकी, माणसं म्हणजे गोल, कॅमेरा म्हणजे त्रिकोण, त्रिकोणात फ्रेमचा नंबर. दहा मिनिटांचं काम आहे. असिस्टंट त्या नकाशाचाच मोबाइलवर फोटो काढून घेतात, हे मी सेटवर पाहिलं आहे.

साधनांवर फार वेळ घालवू नका. सुरुवातीला ए-फोर कागद, एचबी आणि फोर-बी पेन्सिल, राखाडी मार्कर दोन, आणि चांगला स्कॅन. डिजिटल करायचं तर साधा पेन टॅब्लेट आणि क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर पुरतं. ते मोफत आहे, वंडर युनिटचं स्टोरीबोर्डरही मोफत आहे. आयपॅड मी पाचव्या वर्षी घेतला, तोही कामाच्या पैशातून. ॲनिमेशन कंपन्या टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो मागतात. ते काम हातात आल्यावरच घ्या.

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते एका उदाहरणाने सांगते. मसाल्याची जाहिरात होती. स्क्रिप्टमध्ये ओळ अशी: "हॉस्टेलमधली मुलगी घरून आलेलं पार्सल उघडते. तिला घर आठवतं." आता "घर आठवतं" कसं काढणार? नवशिका चित्रकार मुलीच्या डोळ्यांत पाणी काढतो, वर ढगात आईचा चेहरा काढतो. मी डायरेक्टरला फोनवर विचारलं, आई पार्सल बांधताना दिसते का? तो म्हणाला, हो, पहिले पाच सेकंद. मग मी घरात बघायला लागले, कारण आमची आई कुठलीही सुतळी टाकत नाही. सोडलेली सुतळी दोन बोटांभोवती गुंडाळते, टोक आत खोचते आणि खिडकीतल्या बरणीत टाकते. मी तिला तीनदा ते करायला लावलं आणि तिच्या हाताचं रेखाटन करून घेतलं.

पहिल्या फ्रेममध्ये ती बरणी, सुतळ्यांनी भरलेली, आईचा हात एक गुंडाळी उचलतो. दुसरी, डब्याभोवती गाठ बसते, अगदी जवळून. तिसरी लांबून, हॉस्टेलची खोली, संध्याकाळ, तीन पलंग रिकामे, मुलगी चौथ्यावर, पार्सल मांडीवर. इथे कॅमेरा मुद्दाम दारात ठेवला, खोली मोठी आणि मुलगी लहान दिसावी म्हणून. चौथी, गाठ सुटते. पाचवी, डब्याचं झाकण निघतं, मसाला. हा क्लायंटचा शॉट, त्यात कंजुषी करायची नाही, पाकिटावरचं नाव वाचता आलं पाहिजे. सहावी, तिचा चेहरा, डोळे मिटलेले, एवढंच. आणि शेवटच्या फ्रेममध्ये चेहरा नाहीच. हात आहेत. ती नकळत सुतळी दोन बोटांभोवती गुंडाळते आहे. डायरेक्टरने फ्रेम बघून फोन केला आणि म्हणाला, व्हॉइसओव्हरची शेवटची ओळ काढून टाकतो.

हे सगळं आधी मी हाताच्या पंजाएवढ्या कागदावर अंगठ्याएवढ्या चौकटींत काढते. थंबनेल म्हणतात त्याला. दोन तास त्यात जातात, आणि त्या दोन तासांत फिल्म ठरते. थंबनेल डायरेक्टरला दाखवल्याशिवाय क्लीन-अपला, म्हणजे पक्की चित्रं काढायला, हात लावू नका. वीस फ्रेम्स रंगवून झाल्यावर "आपण हे बाल्कनीत करू या" असं ऐकणं फार महाग पडतं.

काम मिळवण्याबद्दल. पोर्टफोलिओत वीस सुटी चित्रं नकोत, तीन पूर्ण सीक्वेन्स हवेत. एक संवादाचा, एक हालचालीचा, म्हणजे पाठलाग किंवा खेळ, आणि एक शांत, ज्यात कोणी बोलत नाही. प्रत्येकी बारा ते अठरा फ्रेम्स. शिवाय एकाच सीक्वेन्सचे थंबनेल आणि क्लीन फ्रेम्स शेजारी शेजारी दाखवा, म्हणजे तुम्ही विचार कसा करता हे बघणाऱ्याला कळतं. विषय आपल्या जवळचे घ्या. माझ्या पहिल्या पोर्टफोलिओत उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंग कापला जातो आणि मुलगा पोळातून, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतून, त्याच्या मागे धावतो, असा सीक्वेन्स होता. गच्च्या, तारा, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या, वरून खाली, खालून वर, सगळे अँगल त्यात येऊन गेले. त्यावर मला पहिली तीन कामं मिळाली.

पाठवायचं कोणाला? मोठ्या डायरेक्टरला मेल करून उत्तर येत नाही, वाईट वाटून घेऊ नका. असिस्टंट डायरेक्टरना पाठवा. बोर्ड आर्टिस्ट शोधणं त्यांचंच काम असतं आणि दोन-चार वर्षांत त्यांच्यातलेच काही डायरेक्टर होतात. माझी आजची निम्मी कामं अशा माणसांकडून येतात, जे मला भेटले तेव्हा सेटवर क्लॅप देत होते. बडोद्यात आणि अहमदाबादला स्वतःच्या जाहिराती करणारे कारखानदार, दागिन्यांची दुकानं, शाळा, दवाखाने आहेत. त्यांच्या फिल्म करणारी छोटी युनिट्स बोर्ड काढून घेत नाहीत, कारण त्यांना त्याची सवय नाही. पहिल्या वर्षी अशा एका युनिटला मी एक सीन कमी पैशात काढून दिला. दोन दिवसांचं शूटिंग दीड दिवसात उरकलं आणि पुढच्या वेळी त्यांनी स्वतः विचारलं. कमी पैशात एकदा, फुकट कधीच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती आपण मोजत नाही. इथल्या मराठी घरातल्या माणसाला मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात. गुजराती क्लायंट, मराठी कॅमेरामन, हिंदी स्क्रिप्ट अशा बैठकीत मी तिघांच्या भाषेत फ्रेम समजावते. मुंबईचा आर्टिस्ट ते करू शकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत एकदा मुंबईला जातेच. रात्रीच्या गाडीने निघायचं, दिवसभर दोन-तीन जणांना भेटायचं, रात्रीच्या गाडीने परत. फोनवर ओळख टिकते, पण विश्वास समोरासमोर बसून एक फ्रेम एकत्र दुरुस्त केली की बसतो.

पैशाबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. दर असा काढा. समजा घरखर्च, हप्ते, वीज, इंटरनेट धरून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. महिन्यात पैसे देणारं काम साधारण १२ दिवस असतं असं धरा, बाकीचे दिवस भेटी, दुरुस्त्या, वाट बघणं. म्हणजे दिवसाला ३,७५० रुपये. दिवसाला तुमच्या १२ क्लीन फ्रेम्स होत असतील तर फ्रेममागे ३१३ च्या आसपास. त्यात आजारपण, कर आणि रिकामे महिने यांसाठी चौथा भाग वाढवा, म्हणजे ४०० च्या खाली उतरायचं नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब कागदावर करा आणि तो कागद फोनजवळ चिकटवा. घासाघीस चालू असताना डोळ्यांसमोर आकडा हवा.

चौथ्या वर्षी एका प्रॉडक्शन हाउससाठी मी बासष्ट फ्रेम्स केल्या, पाच रात्री जागून. फिल्म झाली, लागली, मी टीव्हीवर पाहिली. पैसे आले नाहीत. अकाउंट्सवाले म्हणायचे पुढच्या आठवड्यात. अकरा महिने मी फोन केले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, सगळं फोनवर ठरलं होतं. त्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं, म्हणून ती गोष्ट मी विसरलेली नाही.

आता फोन ठेवल्यावर लगेच एक मेल जातो: किती फ्रेम्स, कोणता प्रकार, दर, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मे आगाऊ, बाकीचे किती दिवसांत. खाली एक ओळ, "कृपया होकार कळवावा." होकार आला की पेन्सिल उचलते. काम रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हेही त्यातच असतं. चांगली माणसं या मेलवर नाराज होत नाहीत.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, मोफत आहे, कोणा एजंटला पैसे देऊ नका. तुम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले असाल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजही लागतं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्या कंपनीला तो खर्च आयकरात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, त्यांचा अकाउंटंट तो आधी बघतो. बिलातून बहुतेक जण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतात. ते पैसे बुडालेले नसतात, रिटर्न भरताना हिशोबात येतात, फक्त पॅन बरोबर दिलाय ना ते बघा. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की लागते, त्याआधी घाई नको.

हल्ली विचारतात, मशीन फ्रेम्स बनवून देतं, मग आपलं काय? क्लायंटला दाखवायच्या गुळगुळीत रंगीत फ्रेम्सचं माझं काम खरंच कमी झालं आहे. ते मान्य करून मी शूटिंग बोर्डकडे जास्त वळले. तिथे डायरेक्टर शेजारी बसून म्हणतो, "ती उठली की कॅमेरा थोडा मागे, पण दार दिसता कामा नये," आणि मी तिथल्या तिथे काढून दाखवते. खोली किती फुटांची आहे, भिंत मागे सरकणार आहे का, हे मला लोकेशनचे फोटो बघून माहीत असतं. नव्याने येणाऱ्यांनी याच बाजूने यावं असं माझं ठाम मत आहे.

काम झाल्यावर दोन गोष्टी. फिल्म लागेपर्यंत एकही फ्रेम कुठे टाकायची नाही, मित्रमैत्रिणींनाही पाठवायची नाही. एकदा विश्वास गेला की या छोट्या धंद्यात आठवड्याभरात सगळ्यांना कळतं. आणि लागल्यावर पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी मेलवर मागून घ्या. बहुतेक जण देतात.

फाइलला नाव देताना फिल्मचं नाव, सीन, फ्रेमचा तीन आकडी नंबर आणि कितवी दुरुस्ती, याच क्रमाने द्या. मधे फ्रेम वाढली तर ०१२-अ करा, सगळे नंबर बदलू नका, कारण सेटवर कोणाच्या तरी हातात जुनी प्रिंट असतेच. पीडीएफच्या एका पानावर सहा फ्रेम्स, खाली मोठ्या अक्षरांत कृती आणि संवाद. पहाटे पाचला सेटवर, जनरेटरच्या उजेडात, चष्मा विसरलेल्या कॅमेरामनला ते वाचता यायला हवं.